लुंगी घ्या, पण बघून घ्या

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले होते. रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून दिल्या, तरी खुर्ची सोडेनात. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि एक फोटो दाखवला. नातू शिकायला स्कॉटलंडला गेला आहे. तिथे मित्राच्या लग्नात त्याने तिथल्या रीतीप्रमाणे चौकड्यांचा, चुण्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा पोशाख घातला होता. तिकडे त्याला किल्ट म्हणतात.

गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, नातवानं साहेबाचा घागरा घातला तर घरात सगळ्यांना कौतुक. आणि मी लुंगी नेसून ओट्यावर बसलो की सूनबाई म्हणते, मामा, आत या, लोक बघतात. आता तुम्हीच सांगा, प्रकृतीला लुंगी चांगली का वाईट?"

बाहेर रुग्णांची रांग होती, म्हणून "चांगली, पण बघून घ्या" एवढेच सांगून मी त्यांना निरोप दिला. नंतर मात्र विचार करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की कमरेखाली काय नेसावे हा प्रश्न आपण कधी डॉक्टरला विचारत नाही, आणि डॉक्टरही आपण होऊन सांगत नाही. पण त्यातून होणारे आजार घेऊन माझ्याकडे रोज दोन-चार माणसे येतात. माझा दवाखाना कराड-विटा रस्त्यावर आहे, त्यामुळे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतले रुग्ण मला पाहायला मिळतात. त्यांच्यावरून जे शिकलो ते आज सांगतो.

आधी त्या किल्टचे. मूळचा किल्ट शिवलेला नव्हता. डोंगराळ भागातले स्कॉट लोक लोकरीचे लांबलचक कापड चुण्या घालून अंगाभोवती गुंडाळत, कमरेला पट्टा बांधत आणि रात्री तेच पांघरून झोपत. आपल्या माण तालुक्यातला मेंढपाळ घोंगडी वापरतो त्यातलाच हा प्रकार. आजच्या पद्धतशीर किल्टला साधारण आठ वार लोकरी कापड लागते. आपल्याकडच्या उन्हात ते नेसून कोणी जतच्या बाजारात उभा राहिला तर त्याला सलाईन लावायला मलाच जावे लागेल. त्यातला मोकळेपणा तेवढा घेण्यासारखा आहे, आणि तो आपल्याकडे दोन मीटर सुती कापडात मिळतो.

मोकळेपणाला मी एवढे महत्त्व का देतो ते सांगतो. जांघ ही शरीरातली बंद जागा. तिथे कातडीला कातडी घासते, घाम येतो आणि वारा लागत नाही. त्यात आजची तरुण मुले सकाळी सातला जीन पँट चढवतात ती रात्री दहाला उतरवतात. आत नायलॉनची घट्ट चड्डी. बुरशीला याहून चांगले घर कोणते मिळणार?

विट्याचा एक यंत्रमाग कामगार, वय पंचविशीच्या आत, मान खाली घालून माझ्यासमोर बसला होता. आईला बाहेर थांबवले तेव्हा कुठे बोलला, "डाक्टर, वरीस झालं, नुसतं खाजतंय बगा. रातीला झोप न्हाई." तपासले तर दोन्ही जांघा, ओटीपोट आणि कंबर मिळून हातभर नायटा पसरलेला. वर्षभर तो दुकानातून परस्पर मलम आणून लावत होता. लावले की दोन दिवस आराम, सोडले की दुप्पट. त्या मलमात स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने खाज थांबते, पण बुरशी मरत नाही, उलट पसरते. कातडी पातळ होते आणि बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा चिरा जांघेत पडतात. त्या चिरा जन्मभर जात नाहीत. या मुलाला त्या पडल्या होत्या. पुढच्या महिन्यात त्याचे लग्न होते.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात नायट्याची जणू साथच आली आहे. यातल्या एका चिवट बुरशीला 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळे नावही दिले, त्या नावात 'इंडो' म्हणजे आपल्या देशाचा उल्लेख आहे. नेहमीच्या गोळ्यांना ती पुष्कळदा दाद देत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी "ते पांढऱ्या ट्यूबमधलं द्या" म्हणणारे अजून भेटतात. कृपा करून तसे करू नका.

त्या मुलाला मी गोळ्या आणि साधे बुरशीचे मलम दिलेच, पण त्याबरोबर दोन सुती लुंग्या घ्यायला लावल्या. पाळी संपली की घरी येऊन अंघोळ करायची, जांघ कोरड्या फडक्याने टिपून घ्यायची आणि झोपेपर्यंत लुंगीत राहायचे. टॉवेल आणि कपडे घरच्यांपासून वेगळे ठेवायचे, गरम पाण्यात धुवायचे, उलटे करून कडक उन्हात वाळवायचे. खाज थांबली तरी मी सांगेपर्यंत औषध चालू ठेवायचे. त्याला बरे व्हायला तीन महिने लागले. लग्न त्याने पुढे ढकलले नाही, पण लग्नाआधी मुलीला खरे काय ते सांगितले, याचे मला कौतुक वाटले. घरात भावाला आणि वडिलांनाही नायटा निघाला. सगळ्यांवर एकदम उपचार केले नसते तर तो पुन्हा पुन्हा येत राहिला असता. आणि हो, जांघेतली खाज वारंवार होत असेल तर एकदा रक्तातली साखर तपासा. माझ्या कितीतरी रुग्णांचा मधुमेह असा जांघेतून सापडला आहे.

मूल न होण्याबद्दल थोडक्यात लिहितो. पुरुषाच्या अंडकोषाला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते, म्हणूनच निसर्गाने तो बाहेर ठेवला आहे. 2018 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी 656 पुरुष तपासले, तेव्हा ढगळ चड्डी वापरणाऱ्यांच्या वीर्यात शुक्रजंतूंची दाटी घट्ट चड्डीवाल्यांपेक्षा 25 टक्क्यांनी जास्त आढळली. किल्टबद्दलही 2013 मध्ये स्कॉटलंडच्या एका वैद्यकीय मासिकात असाच तर्क मांडला गेला, पण तो तर्कच. लुंगी नेसली म्हणजे पाळणा हलला असे कोणी समजू नये. मात्र सुनेला चार-चार डॉक्टरांकडे फिरवण्यापूर्वी मुलाची एक साधी तपासणी करा आणि त्याला घरी तरी मोकळे राहू द्या. नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेवढा धीर धरा.

आता खरेदीकडे वळू. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी बसवला आणि धोतरे, पातळे विणणारे ते गाव पुढे सगळ्या महाराष्ट्राला कापड पुरवू लागले. आपल्या विट्यातही मागांचा खडखडाट काही नवा नाही. असे असताना दोन्ही जिल्ह्यांतली माणसे रस्त्यावरच्या ढिगातून चकचकीत, गुळगुळीत लुंगी उचलतात, कारण ती स्वस्त आणि चुरगळत नाही. चुरगळत नाही म्हणजेच ती पॉलिएस्टरची आहे. तिला घाम टिपता येत नाही, तो आत साठतो आणि मोकळ्या कपड्याचा निम्मा फायदा तिथेच संपतो.

सूत ओळखायची जुनी युक्ती आहे. कडेचा एक धागा काढा आणि दुकानाबाहेर जाऊन काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटात चोळला की राख होते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि त्याची टणक गोळी होते. राखही झाली आणि गोळीही, तर कापड मिश्र आहे. दुकानदार ओळखीचा असेल तर रागावत नाही. दुसरे, कापड दोन्ही हातांनी चोळून पाहा. पांढरी भुकटी पडली तर खळ भरपूर आहे, एका धुण्यात कापड जाळीसारखे विरळ होईल. तिसरे, ओला रुमाल घेऊन काठावर घासा. रंग लागला तर तोच रंग घामाबरोबर तुमच्या कातडीला लागणार. काही जणांना अशा रंगाची ॲलर्जी असते, विशेषतः गडद रंगांची, आणि कमरेभोवती पट्ट्यासारखे पुरळ उठते. म्हणून फिकी चौकडी बरी. नवी लुंगी कितीही सुंदर दिसली तरी एकदा धुतल्याशिवाय नेसू नका.

किंमत म्हणाल तर साधारण दोनशे ते चारशे रुपयांत चांगली सुती लुंगी मिळते. एका जीनच्या पैशात तीन-चार येतील. निदान तीन हव्यात : एक अंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. पाटण, जावळी, महाबळेश्वर भागातल्या वाचकांनी चार घ्याव्यात, आणि त्याही पातळ पोताच्या. तिकडे आषाढ-श्रावणात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि जाड कापडाची दमट लुंगी म्हणजे पुन्हा बुरशीला आमंत्रण. वाळली नसेल तर दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा. जत, आटपाडी, माणकडे प्रश्न उलटा. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो, तिथे थोडे जाड हातमागाचे कापडही चालते, घाम चांगला टिपते आणि लगेच वाळते.

लांबी मात्र सगळ्यांनी नीट पाहावी. लुंगी घोट्याच्या वर चार बोटे राहिली पाहिजे. सुती कापड धुतल्यावर आटते हे खरे, तरी दुकानात आजोबांना पायघोळ लुंगी घेऊन देऊ नका. रात्री लघवीला उठलेले आजोबा पायात काठ अडकून पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. दर पावसाळ्यात माझ्याकडून असे दोन-तीन रुग्ण ऑपरेशनसाठी पुढे पाठवावे लागतात, आणि त्यातले सगळेच पुन्हा चालत घरी येत नाहीत. वय झालेल्यांनी दोन्ही टोके जोडून शिवलेली गोल लुंगी घ्यावी, म्हणजे ती उलगडत नाही. हात थरथरत असतील तर चिकटपट्टीची तयार लुंगी मिळते ती बरी. त्यातूनही तोल जातच असेल तर लुंगीचा हट्ट सोडून आखूड लेंगा वापरावा.

आता गाठीकडे येतो. माझ्या मते लुंगी किंवा धोतर निवडण्यापेक्षा ते बांधण्यात जास्त चुका होतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. वसंत रामजी खानोलकर म्हणून थोर विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी सूर्याबाई या सहकाऱ्यासोबत 1945 साली एक निबंध प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे कमरेला धोतर घट्ट बांधणाऱ्यांत त्याच वळाच्या जागी कातडीचा कर्करोग होतो, असे त्यांनी दाखवून दिले. परकरामुळे बायकांनाही तेच होते. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीखाली झालेल्या अशा जखमांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा ही जुनी गोष्ट पुन्हा चर्चेत आली.

घाबरून जाऊ नका. हा रोग फार दुर्मिळ आहे, आणि तीस वर्षांच्या व्यवसायात मी तो एकदाच पाहिला. पण त्याच्या अलीकडच्या पायऱ्या रोज दिसतात. घट्ट गाठीखाली कातडी घासते, घाम आणि मळ साचतो. ती आधी काळी आणि जाड होते, मग फुटते आणि तिथे बारीक जखम होते. आपण हळद लावून वरून पुन्हा तीच गाठ मारतो. तेव्हा दोरी किंवा अरुंद नाडी वापरू नका. लुंगीचा काठ तीन-चार बोटे रुंद दुमडून खोचा, गाठ आज डावीकडे तर उद्या उजवीकडे घ्या, जेवल्यावर सैल करा. करगोटा बांधायचाच असेल तर त्यातून दोन बोटे सहज जावीत. अंघोळीच्या वेळी कमरेचा वळ रोज साबणाने धुवा, आणि बायकोला किंवा मुलाला महिन्यातून एकदा पाठीमागून बघायला सांगा, कारण आपली कंबर आपल्याला दिसत नाही. कमरेवरची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तिच्या कडा उचलल्यासारख्या झाल्या, रक्त किंवा घाण वास येऊ लागला, तर तुकडा काढून तपासलाच पाहिजे. लवकर सापडला तर ऑपरेशनने हा रोग बरा होतो.

लुंगीचा आणखी एक दोष आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त सलतो. ती झाकते. पँटमध्ये जांघेतली गाठ दिसते, टोचते, माणूस डॉक्टरकडे येतो. धोतरात आणि लुंगीत लिंबाएवढी गाठ नारळाएवढी झाली तरी कोणाला कळत नाही. कडेगावकडचे एक तात्या अकरा वर्षे हर्निया असाच सांभाळत होते. शेतातून आले की आडवे व्हायचे, हाताने आत ढकलायचे आणि वरून धोतर घट्ट आवळायचे. मी दोनदा ऑपरेशन सांगितले. "सुगी हुंदे, मग बगू" असे दोन्ही वेळा उत्तर मिळाले. एका रात्री गाठ आत जाईना, दगडासारखी टणक झाली, उलट्या सुरू झाल्या. घरच्यांनी गॅस समजून सकाळपर्यंत सोडा पाजला. माझ्यापर्यंत पोचले तेव्हा आतड्याचा अडकलेला भाग काळा पडला होता. तात्या वाचले, पण हातभर आतडे कापावे लागले आणि जमिनीचा एक तुकडा विकावा लागला. वेळेवर ऑपरेशन केले असते तर दोन-तीन दिवसांत घरी आले असते. जांघेतली गाठ दुखू लागली, आत जाईनाशी झाली, उलटी झाली किंवा शौच आणि वारा बंद झाला तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. आणि लुंगीखाली सैल सुती चड्डी घालाच.

कुठे नेसू नये हेही सांगायला हवे. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, उसाचा चरक आणि यंत्रमाग यांच्याजवळ लुंगी, धोतर, उपरणे काहीही लोंबते नको. 1948 च्या कारखाना कायद्यात चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबरचे कपडे घालावेत असे स्पष्ट लिहिले होते, ते उगीच नव्हते. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड ढकलणाऱ्याने पॉलिएस्टरची लुंगी तर मुळीच नेसू नये. ती पेट घेते तेव्हा वितळून कातडीला चिकटते आणि सोलून काढावी लागते. मोटारसायकलवर मागे बसताना धोतराचा सोगा चाकात जातो, तो आधी मांडीखाली दाबा.

याउलट काही वेळा लुंगीसारखे दुसरे काही नाही. मूळव्याध, हर्निया, हायड्रोसील यांचे ऑपरेशन झाले असेल, लघवीची नळी लावली असेल, पायाला पट्टी असेल, तर पँटच्या झटापटीत टाके ताणण्यापेक्षा लुंगी बरी. अशा रुग्णांना मी सांगूनच ठेवतो की दवाखान्यात येताना दोन जुन्या, मऊ, धुतलेल्या लुंग्या घेऊन या. मधुमेही माणसाला पायावरची जखम लवकर दिसते हा आणखी एक फायदा. संध्याकाळी ओट्यावर बसताना मात्र उघड्या पोटऱ्यांवर डास बसतात, तेव्हा पाय झाकून बसा.

गुरुजी परवा गोळ्या न्यायला पुन्हा आले. नवी लुंगी घेतली होती, फिकी, निळ्या चौकडीची. लांब होती म्हणून चार बोटे आखूड करून घेतली होती. टीप सूनबाईंनीच मशीनवर मारून दिली म्हणाले. मी त्यांना कमरेचा वळ दाखवायला सांगितले, तर बाहेरच्या बाकाकडे पाहून ते लाजले. शेवटी दार लोटून घेतले आणि पाहिला. काळपट होता, जखम नव्हती. करगोटा मात्र आत रुतला होता, तो तिथेच कात्रीने कापला.